रानडुक्कर, बिबट्या आणि अकरावे कलम

उसाच्या फडाच्या कडेला वनखात्याने पिंजरा ठेवला, आतल्या कप्प्यात शेळी बांधली, रात्री बिबट्या आत शिरला आणि दार खाली पडले, तर आपण म्हणतो, 'बिबट्या पकडला.' कायदा म्हणतो, शिकार झाली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या दुसऱ्या कलमातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या ऐसपैस आहे. ठार मारणे आणि विष घालणे तिच्यात आहेच. पण पकडणे, फासा लावणे, सापळ्यात अडकवणे, हाका घालून हुसकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हेही तिच्यात आहे. गोळी घालण्याची परवानगी ज्या अकराव्या कलमाखाली मिळते, त्याच कलमाखाली पिंजऱ्याचीही मिळते.

हे कलम मी प्रथम वाचले ते निव्वळ कुतूहलापोटी. नंतर त्याखाली निघालेले आदेश, त्यांवरचे न्यायालयीन वाद आणि या विषयावरचे संशोधन वाचत गेले. शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मचाण, बंदूक आणि मारलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक येतो. आजची कायदेशीर शिकार बहुतेक कागदावर घडते: अर्ज, पंचनामा, अहवाल, आदेश. आणि या कागदांवरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जनावर मारू द्यावे की नाही, यावर आपण हिरिरीने भांडतो. पण शिकारीचा कोणताही नियम त्याहून महत्त्वाच्या तीन गोष्टी ठरवत असतो. निर्णय कोणी घ्यायचा, कष्ट कोणी घ्यायचे आणि मेलेले जनावर कोणाचे. या तिन्ही गोष्टींचा मेळ बसला नाही, तर नियम कडक असो की सैल, त्याचा परिणाम भलताच होतो. रानडुक्कर आणि बिबट्या-वाघ यांच्या उदाहरणांवरून हे मला मांडायचे आहे.

दोन दारे

१९७२ चा कायदा झाला तेव्हा त्याने शिकार पूर्ण बंद केली नव्हती. ठरावीक प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळण्याची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले आणि हौसेची शिकार कायद्यातून संपली. प्राण्यांची वर्गवारी अनुसूचींमध्ये होती: वाघ आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत, रानडुक्कर तिसऱ्या, आणि कावळे, वटवाघळे, उंदीर-घुशी 'उपद्रवी' म्हणून पाचव्या. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची कमी केल्या. उपद्रवी प्राण्यांची वेगळी यादी गेली आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. वाघ-बिबट्या अर्थातच पहिल्या.

या बंदीच्या भिंतीत दोन दारे आहेत. पहिले अकराव्या कलमाचे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेशाने त्याच्या शिकारीची परवानगी देऊ शकतो. मात्र तो पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, अन्यत्र हलवता येत नाही, अशी त्याची खात्री व्हायला हवी. मग ठार मारण्याचा आदेश. इतर प्राण्यांसाठी हेच दार अधिक रुंद आहे. तिथे माणसाच्या जिवाबरोबर मालमत्तेचाही उल्लेख आहे आणि 'उभी पिके' हे शब्द स्पष्टपणे आहेत. शिवाय हा अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना देता येतो. म्हणजे बिबट्याने कितीही शेळ्या नेल्या तरी त्याला मारण्याचा आदेश निघू शकत नाही. रानडुकराने एक रात्र भुईमूग उकरला तरी निघू शकतो.

दुसरे दार बासष्टाव्या कलमाचे, आणि त्याची किल्ली दिल्लीत. केंद्र सरकार एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरते 'उपद्रवी' जाहीर करू शकते. तेवढ्या काळापुरते त्याचे संरक्षण संपते. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांच्यासाठी अशा अधिसूचना निघाल्या. जून २०१६ मध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या आणि केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. केरळने रानडुकरासाठी हीच मागणी केली, ती मान्य झाली नाही. तेव्हा त्या राज्याने २०२२ मध्ये पहिल्याच दाराची किल्ली खाली दिली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन पिकात शिरणाऱ्या डुकराला मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले. विष, स्फोटके आणि विजेचा प्रवाह यांना मनाई, बंदूक परवानाधारकाची, आणि मेलेले डुक्कर पुरायचे.

पुरायचे का? कारण अकराव्या कलमाखाली मारलेले जनावर सरकारची मालमत्ता असते. हे एकोणचाळिसावे कलम सांगते. ज्याच्या भाताची नासाडी झाली तो डुकराचा मालक होत नाही, ज्याने रात्र जागून गोळी घातली तोही नाही. उपद्रवी जाहीर झालेल्या प्राण्याला हे कलम लागू नाही. वरवर किरकोळ वाटणारा हा फरक सगळ्या प्रश्नाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

परवानगी आहे, माणूस नाही

रानडुकराचे गणित समजल्याशिवाय शेतकऱ्याचा त्रागा कळत नाही. मादी सुमारे पावणेचार महिने गाभण राहते आणि एका वेळी चार-सहा पिल्ले सहज देते. माद्या आणि पिल्ले कळपाने राहतात. वयात आलेला नर एकांडा फिरतो. कळप रात्री शेतात शिरला की खातो त्याहून नासतो जास्त. भुईमूग आणि रताळी मुळासकट उकरतो, मका आणि ऊस आडवा करतो, भाताच्या खाचरात लोळण घेतो. सकाळी शेत नांगरल्यासारखे दिसते. ज्याच्याकडे दोन एकर आहेत, त्याचे वर्ष त्या एका रात्रीत जाते.

माझे आजोळ दक्षिण कोकणातले. तिथे भात पोटरीत आले की माळ्यावर राखणीला जाणे हे गावातल्या पुरुषांचे ठरलेले काम होते. पत्र्याचा डबा, गोफण, शेकोटी आणि एखाद्या घरी ठासणीची बंदूक. शस्त्र कायदा पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना आजही मान्य करतो. आजी सांगायची, डुक्कर पडले की वाटे ठरलेले असत: बार काढणाऱ्याचा वेगळा, हाक्याला आलेल्यांचा वेगळा, कुत्रे ज्याचे त्याचा वेगळा आणि ज्याच्या शेतात पडले त्याचा वेगळा. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या बंदुकीपुढे भेकर आणि सांबरही पडत. पण निर्णय, कष्ट आणि मोबदला तिथे एकाच गावात होते, हे खरे.

आता या तीन गोष्टी तीन ठिकाणी आहेत. निर्णय वनाधिकाऱ्याच्या कार्यालयात. कष्ट परवानाधारक बंदूकवाल्याचे. गावात तो एखादाच असतो, म्हातारा झालेला असतो, आणि निवडणूक लागली की त्याची बंदूक पुष्कळदा पोलीस ठाण्यात जमा होते, मग पीक कोणत्याही अवस्थेत असो. मोबदला कोणालाच नाही. मेलेले डुक्कर पंचनामा करून खड्ड्यात जाते. नुकसान तेवढे शेतकऱ्याच्या वाट्याला. केवळ परवानगी देऊन डुकरे का मरत नाहीत, याचे उत्तर इथे आहे. अर्ज करणारा नेम धरू शकत नाही आणि नेम धरू शकणाऱ्याला रात्र जागण्याचे कारण नाही.

ज्यांना हे काम येत होते त्यांचे काय झाले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. फासेपारध्यांचे नावच फाशावरून पडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची वाट घातली. तो कायदा स्वातंत्र्यानंतर रद्द झाला, पण पुढे १९७२ च्या कायद्याने त्यांचे कसबच गुन्हा ठरले. कळपाचा माग काढणे, त्याची वाट ओळखणे, कोणत्या रात्री तो कुठून उतरेल हे सांगणे, ही विद्या ज्यांच्याकडे होती त्यांना आपण वाळीत टाकले आणि गरज पडली तेव्हा दूरच्या शहरातून नेमबाज बोलावले.

तार

कायद्याच्या दारातून जाता येत नाही तेव्हा शेतकरी कुंपणाकडे वळतो. इथे दोन कुंपणांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बोलण्यात दोन्हींना 'करंटची तार' म्हणतात. सौर कुंपणात दाब मोठा असला तरी प्रवाह क्षणाच्या सूक्ष्म अंशापुरता, ठोक्याठोक्याने येतो. जनावराला जबर झटका बसतो, ते मागे उडते आणि तार लक्षात ठेवते. घरगुती विजेच्या खांबावर आकडा टाकून शेताभोवती सोडलेल्या तारेत प्रवाह अखंड असतो. स्नायू आखडतात, जनावराला सुटताच येत नाही आणि ते मरते. पहिले कुंपण पैशाचे आहे, सरकारी अनुदान असूनही. दुसऱ्याला लागते चार खुंट्या आणि थोडी तार. ही तार डुक्कर, कुत्रा, वाघ, शेजारची बाई आणि स्वतः तार लावणारा यांच्यात फरक करत नाही.

विदर्भात असे किती तरी वाघ गेले. त्यांतले एक प्रकरण मला सगळ्या विषयाचा सारांश वाटते. ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले करणारी एक तरुण वाघीण पकडून २०१७ च्या जुलैत वर्ध्याजवळच्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आली. तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. ती तिथे थांबली नाही. शेकडो किलोमीटर भटकली आणि नव्या मुलखातही माणसे मारली. तिला ठार करण्याचा आदेश निघाला, तो उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला आणि ऑक्टोबरात न्यायालयाने तो रोखण्यास नकार दिला. नेमबाज तिच्या मागावर होते. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ती वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतात मेलेली सापडली. पिकाच्या राखणीसाठी सोडलेल्या विजेच्या तारेने तिला मारले होते.

पहिल्या अनुसूचीतल्या एका जनावरासाठी अर्ज, अहवाल, आदेश आणि न्यायालय हे सगळे झाले, आणि शेवटी जी शिकार झाली ती भलत्याच जनावरांसाठी लावलेल्या बेकायदा तारेने. कागदोपत्री डुकराची फाइल वेगळी आणि वाघाची वेगळी. शेतात मात्र ती एकाच बांधावरून चालतात. रानडुक्कर हे वाघाचे आवडते भक्ष्य. डुकरामागे वाघ येतो, डुकरासाठी लावलेल्या तारेवर जातो.

शिकार खुली केली तर?

'मग सरळ मारू द्या ना सगळ्यांना,' हा उपाय दर हंगामात ऐकू येतो. हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. तिथले डुक्कर आपल्यासारखे मूळचे नव्हे. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरे रानात गेली आणि रानटी झाली. पुढे १९१२ च्या सुमारास उत्तर कॅरोलायनाच्या डोंगरातल्या एका खासगी शिकारगाहात युरोपातली रानडुकरे आणली गेली, तीही कुंपण तोडून पसरली. शेजारच्या टेनेसी राज्यात दीर्घकाळ ती मोजक्याच डोंगराळ भागात होती. संख्या वाढते आहे असे पाहून १९९९ मध्ये त्या राज्याने सर्वत्र डुकराची शिकार खुली केली. कितीही मारा, मर्यादा नाही. पुढच्या दशकभरात डुकरे सुमारे पंधरा काउंटींतून जवळजवळ ऐंशी काउंटींत पोहोचली.

डुकरे इतकी चालत नाहीत. ती गाडीतून गेली. शिकारीचा शौक वाढला, तशी आपल्या भागातही शिकार असावी म्हणून लोकांनी डुकरे पकडून नव्या रानात सोडली. २०११ मध्ये टेनेसीने नियम उलटा केला. डुकराची हौशी शिकार बंद केली, जिवंत डुक्कर वाहून नेणे आणि सोडणे यांविरुद्ध कडक पावले उचलली, आणि जमिनीच्या मालकाला मात्र आपल्या जमिनीवरची डुकरे मारण्याची मोकळीक ठेवली. मिझुरी राज्यानेही २०१६ मध्ये आपल्या संरक्षित सार्वजनिक जमिनींवर डुकराची शिकार बंद केली. त्यामागे एक साधे निरीक्षण होते: बंदुकीने कळपातली एक-दोन पडतात, उरलेली पांगतात आणि सावध होतात, मोठ्या सापळ्यात अख्खा कळप सापडतो.

टेनेसीचा धडा असा की ज्याला डुक्कर हवे आहे त्याच्या हाती डुक्कर संपवण्याचे काम देऊ नये. आपल्याकडचा दोष उलट्या टोकाचा: ज्याला डुक्कर नको आहे त्याच्या हाती काहीच नाही. शिवाय आपले डुक्कर इथले मूळचे आहे. त्याचा निर्वंश हे आपले उद्दिष्ट असूच शकत नाही. तो झाला तर वाघ-बिबट्या आपल्या गोठ्याकडे वळतील. आपल्याला हवे आहे ते ठरावीक शेतातले, ठरावीक आठवड्यांतले नुकसान थांबवणे. कोणत्या शिवारात काय पेरले आणि ते केव्हा दाण्यावर आले, हे मंत्रालयाला कळत नाही, ग्रामपंचायतीला कळते.

बिबट्याचे गणित वेगळे

डुकराबाबत निर्णय खाली न्यावा असे म्हणणारी मी बिबट्याबाबत मात्र तसे म्हणणार नाही. याचे कारण भावनेत नाही, जनावराच्या वागण्यात आहे. बिबट्या आपला मुलूख राखून राहतो. त्याला उचलले की जागा रिकामी होते आणि रिकाम्या जागेत कोणी तरी येते, बहुधा मुलूख शोधणारा तरुण नर, ज्याला ना गावच्या वाटा ठाऊक ना माणसांच्या वेळा.

जुन्नरने हे अनुभवले आहे. धरणे आणि कालवे आले, ऊस वाढला आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. २००१ पासून तिथले बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. माणसांवरचे हल्ले स्थलांतरापूर्वी वर्षाला सरासरी चार होते, ते त्या काळात सतरावर गेले आणि त्यांतले जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अकोले भागातल्या त्यांच्याच पुढच्या अभ्यासात, जिथे जंगल जवळजवळ नाही अशा शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा होता कुत्र्यांचा.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्यूमाबाबत हेच दिसले. शिकार वाढवली की तक्रारी कमी होतील हा हिशेब होता. संशोधकांना आढळले ते उलट. प्रौढ नर मारले गेले, त्यांच्या जागी नवखे तरुण आले आणि गुराढोरांच्या तक्रारी वाढल्या.

म्हणून मांसाहारी जनावराच्या बाबतीत नियमाने 'किती' विचारू नये, 'कोणता' विचारावे. कायदा नेमके तेच विचारतो, आणि ते विचारणे घाईच्या दिवसांत सर्वांना जाच वाटते. ज्या घरातले मूल गेले त्या घराला कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांची जुळणी पटवता येत नाही. रस्ता अडवून बसलेल्या गावाला कलम वाचून दाखवता येत नाही. यवतमाळ जिल्ह्यात तेरा मृत्यू जिच्या नावावर होते ती टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारली गेली, तेव्हा देशभर वाद झाला तो कार्यपद्धतीवर. पण त्या गावांनी दोन वर्षे सूर्य मावळल्यावर दार उघडले नव्हते, हे त्या वादात कमी ऐकू आले. ओळख पटवण्याचा आग्रह धरायचा असेल तर ती लवकर पटवण्याची यंत्रणाही उभी केली पाहिजे. चुकीचा बिबट्या पिंजऱ्यात गेला तर खरा मोकळा राहतो, आणि गावाला वाटते धोका टळला.

राखणीची मजुरी

डुकरासाठी मला सुचतो तो उपाय नवा नाही. राखणीला पुन्हा काम मानावे. पीक दाण्यावर येण्याच्या चार-सहा आठवड्यांत शिवाराची सामुदायिक राखण, तिची रोख मजुरी, एकेका शेताऐवजी सबंध शिवाराला सौर कुंपण, आणि तरीही कळप येत राहिला तर ग्रामपातळीवरचा, दिवसांत नव्हे तर तासांत मिळणारा आदेश. मारणाऱ्याला मानधन द्यावे, मांस देऊ नये. मांसाला बाजार मिळाला की मारण्याचे कारण पिकापासून सुटते आणि भेकरही डुक्कर म्हणून विकले जाते. पारध्यांमधल्या जाणत्यांना या कामात पगारावर घ्यावे. माग काढण्याची विद्या पुस्तकातून येत नाही. आणि आकड्याची तार सोडणाऱ्यावर गुन्हा जरूर नोंदवावा, पण त्याच तालुक्यात डुकराच्या नुकसानीचे किती अर्ज पडून आहेत ते त्याच कागदावर लिहावे.

वनखात्याच्या टेबलावर आज या दोन फाइली वेगवेगळ्या आहेत. त्या एकत्र बांधायला कायद्यात दुरुस्ती लागत नाही. अकरावे कलम दोघांनाही पुरते.